शके ८२२ ची पावती: फिलिपाईन्सच्या रस्त्यांवरून

आयोजकांनी मला विषय दिला 'प्रवासात भेटलेला इतिहास'. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास नव्हे. त्यामुळे आज प्रवासवर्णन जास्त आणि व्याख्यान कमी झालं तर सांभाळून घ्या. शेवटी माझी स्वतःची एक कबुलीही आहे, तेवढी ऐकून मग उठा.

२०१७ साली मी आणि सौ. फिलिपाईन्सला गेलो. भाचा मनिलात नोकरीला होता. "मामा, आता नाही आलात तर कधी येणार?" असं त्यानं तीनदा विचारलं, तेव्हा तिकिटं काढली. या देशात बेटं किती? पूर्वी ७,१०७ म्हणत, नवीन मोजणीनंतर ७,६४१ म्हणतात. आम्ही पाहिली तीन. त्यामुळे मी त्या देशाचा जाणकार नाही. पण रस्त्याच्या कडेला जे दिसलं, त्यात एक धागा मला हळूहळू सापडत गेला. तो धागा आहे उधारीचा.

सुरुवात जीपनीपासून करू. दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकन सैन्य गेलं आणि जाताना जीपा मागे टाकून गेलं. लोकांनी त्या लांब केल्या, वर छप्पर घातलं, आत समोरासमोर दोन बाकडी बसवली आणि बाहेरून असं रंगवलं की आपल्याकडचे ट्रकवाले लाजतील. देवाची आई, बास्केटबॉलचा खेळाडू आणि ड्रायव्हरच्या मुलांची नावं एकाच पत्र्यावर. या गाडीत कंडक्टर बहुधा नसतो. तुम्ही मागून चढता, बसता आणि शेजाऱ्याच्या हातात नाणी देऊन म्हणता, "बायाद पो", म्हणजे भाडं घ्या हो. तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि पैसे हातोहात ड्रायव्हरकडे पोचतात. सुट्टे त्याच वाटेनं परत येतात. मी आठ पेसोंच्या भाड्यासाठी वीसची नोट दिली आणि बारा पेसो पाच अनोळखी हातांतून माझ्यापर्यंत आले. सौ. म्हणाली, "आपल्याकडे निदान एकानं तरी विचारलं असतं, 'सुट्टे आहेत का?'" (हशा)

ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पाटी होती. ती तिथल्या कितीतरी जीपन्यांत असते. "गॉड नोज हुदास नॉट पे." मला वाटलं, इंग्रजी चुकलंय. भाच्यानं समजावलं. 'हुदास' म्हणजे बायबलमधला जुडास, तीस नाण्यांसाठी गुरूला विकणारा. इंग्रजीतलं 'हू डझ' आणि हा 'हुदास' यांच्यावर ती कोटी आहे. भाडं कोण देत नाही ते देवाला कळतं, आणि जो देत नाही तो जुडास! नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी जे सहा तासांत शिकवायचो ते या माणसानं पाच शब्दांत उरकलं होतं.

दुसरी गोष्ट साारी-साारी दुकानांची; नीट उच्चार 'सारी-सारी', म्हणजे तऱ्हेतऱ्हेचं. घराच्याच खिडकीला जाळी लावलेली आणि आत शांपूच्या पुड्या, खारवलेले मासे, एक-एक सुटी सिगारेट. किरकोळ घेणं आणि वहीवर लिहून ठेवणं, दोन्ही आलंच. आपल्या वाण्याकडे 'आज रोख उद्या उधार' असायचं, तसं इथं "उधारी चांगली, पण आम्हाला रोख हवी" अशा अर्थाची इंग्रजी पाटी. उधारीला त्यांचा शब्द आहे 'उतांग'. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तिसरी गोष्ट जरा अंगावर येणारी आहे. एका गल्लीत मला बघून एक पोरगं आईच्या मागे लपलं आणि ओरडलं, "बुंबाय!" मी खूश झालो. म्हटलं, बघा, माझा जन्म गिरगावातला, हे यांना कसं कळलं? भाचा हसायला लागला. तिथं कोणताही भारतीय 'बुंबाय'च. तो पंजाबातला असो की मद्रासकडचा, मुंबई काही सुटत नाही. आणि बुंबाय म्हणजे मोटरसायकलवरून फिरणारा सावकार. त्याच्या धंद्याला म्हणतात 'पाच-सहा': पाच घ्या, सहा परत करा, रोज थोडे-थोडे. यात बहुतेक मंडळी पंजाबकडची. पोरं त्रास द्यायला लागली की आया सांगतात, "बुंबाय घेऊन जाईल हं!" पुढे सेबूच्या मंडईत मोठ्या कांद्यालाही 'बोंबाय' म्हणतात असं कळलं. म्हणजे माझं गाव त्या देशात दोन रूपांनी पोचलंय, कांदा आणि सावकार. दोघंही डोळ्यांत पाणी आणतात. (हशा)

मनिलाहून आम्ही आल्बाय प्रांतात गेलो, मायोन ज्वालामुखी बघायला. १ फेब्रुवारी १८१४ च्या उद्रेकात तिथलं काग्सावा गाव गाडलं गेलं, बाराशेवर माणसं गेली. चर्चचा मनोरा तेवढा जमिनीतून वर आलेला दिसतो. लोक त्याच्यासमोर उड्या मारत फोटो काढतात. मी काही बोललो नाही. आपणही किल्ल्यांवर तेच करतो.

तिथून ओआस नावाच्या गावातून जाताना सौ.च्या लक्षात आलं की दुकानांच्या पाट्यांवर आडनावं सगळी 'र' वरून. औषधवाला र, वकील र, टायर पंक्चरवाला र. आम्हाला वाटलं, एकच मोठं घराणं असेल. तसं नव्हतं. १८४९ साली नार्सिसो क्लावेरिया या स्पॅनिश गव्हर्नर-जनरलनं फर्मान काढलं. लोक संतांची नावं घेत, गावंच्या गावं 'सांतोस' आणि 'क्रूझ' असत, शिरगणती आणि करवसुलीचा गोंधळ होई. मग त्यानं आडनावांचा वर्णानुक्रमे एक कॅटलॉग छापला आणि प्रांतोप्रांती पाठवला. काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी पानं गावांना वाटून दिली. ओआसच्या वाट्याला 'र' आला. तो अजून आहे.

बघा, आपण 'मी कोण' हा प्रश्न किती गंभीरपणे विचारतो. इथं एका कारकुनानं वहीची पानं वाटली आणि माणसांनी त्यांतून आपलं आडनाव घेतलं. का, तर येणं कोणाकडून आहे ते नीट लिहिता यावं म्हणून. पुढे त्याच आडनावांना लोकांनी जीव लावला, त्यांवर दुकानं उघडली, मुलांना अभिमान शिकवला. नाव कुठून आलं याला महत्त्व आहेच, पण ते कसं वागवलं यालाही आहे.

याच क्लावेरियानं एक दिवसही पुसला. मॅगेलन पश्चिमेकडून, अमेरिकेला वळसा घालून आला. पुढे स्पेनचा कारभारही मेक्सिकोमार्गे चालला. त्यामुळे मनिलाची तारीख शेजाऱ्यांपेक्षा एक दिवस मागे. पोर्तुगीज उलट दिशेनं, गोव्यावरून पूर्वेकडे गेलेले. म्हणजे गोव्यात आणि मकावमध्ये रविवारची प्रार्थना चालू असताना मनिलात शनिवार. तीनशे वर्षं हे असंच चाललं. शेवटी १८४४ साली ठरलं की ३० डिसेंबर सोमवारनंतर थेट १ जानेवारी १८४५, बुधवार. ३१ डिसेंबर, मंगळवार, त्या देशात उगवलाच नाही. मला लगेच शंका आली, ज्याच्या कर्जाची मुदत त्या मंगळवारी संपत होती त्यानं काय केलं असेल? भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही खरे बुंबाय."

सेबूजवळ माक्तान बेट आहे. २७ एप्रिल १५२१ ला मॅगेलन इथं मेला. त्याच्या सोबतच्या पिगाफेत्तानं लिहून ठेवलंय की लढाईच्या आधी निरोप गेला होता, स्पेनच्या राजाला माना आणि खंडणी द्या. लापुलापु या स्थानिक प्रमुखानं नकार दिला. म्हणजे त्यानं जे देणं नव्हतंच ते मान्य केलं नाही. मॅगेलन पडल्यावर त्याचा देह परत मागितला, हवा तेवढा माल देऊ म्हणाले. उत्तर आलं, कशाच्याही बदल्यात मिळणार नाही.

आज तिथं एकाच आवारात दोघांची स्मारकं आहेत. स्पॅनिशांनी १८६६ साली उभारलेला मॅगेलनचा मनोरा, आणि लापुलापुचा कांस्य पुतळा. सरकारी फलकही दोन. १९४१ चा फलक सांगतो, मॅगेलन इथं मेला आणि त्याच्या एका जहाजानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. १९५१ चा सांगतो, लापुलापुनं इथं आक्रमकांना परतवलं. मध्ये काय झालं? १९४६ साली देश स्वतंत्र झाला. घटना तीच, जागा तीच, तारीख तीच, फक्त वाक्याचा कर्ता बदलला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तिथं पाच मिनिटं नुसतं उभं राहावं.

दुपारी जेवायला गेलो तर मेनूवर 'लापुलापु'. तिथं या नावाचा मासाही असतो, चांगला महाग. सौ. म्हणाली, "राष्ट्रपुरुष खायचा? नको बाई." तिनं डाळ शोधली. मी खाल्ला. काटे कमी होते.

आता मुख्य मुद्दा. परतीच्या आदल्या दिवशी मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. तिथं तांब्याचा एक पत्रा आहे, साधारण वहीच्या पानाएवढा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लागुना प्रांतात वाळू काढताना तो मिळाला. मिंदोरो बेटावर राहिलेले डच अभ्यासक अंतोन पोस्तमा यांनी तो वाचला. लिपी कावी, भाषा मुख्यतः जुनी मलय. पण सुरुवात ऐका. पहिला शब्द 'स्वस्ति'. मग शक वर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. मंडळी, मी हातातली छत्री खाली ठेवली. आमच्या घरी भिंतीवरच्या पंचांगात जो शक असतो तोच शक, इसवी सन ९०० मधल्या एप्रिलात, मनिलाजवळ! आणि वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. तिथं कोणी उपास केला असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी कोणाचं तरी संकट टळलं होतं, एवढं नक्की.

कारण ती आहे कर्जफेडीची पावती. नामवरान नावाच्या एका माणसाचं एक काटी आणि आठ सुवर्ण एवढं सोन्याचं देणं माफ झालं, त्याची मुलं आणि नातलग त्यातून मोकळे झाले, आणि साक्षीला अमुक-अमुक गावांचे प्रमुख. फिलिपाईन्समधला आज माहीत असलेला सर्वांत जुना तारीखवार लेख हा. राजाची स्तुती नाही, विजय नाही. घरातल्या माणसांना उद्या कोणी छळू नये म्हणून केलेला कागद. शेवटी म्हटलंय, पुढे कधी कोणी म्हणालं की हे कर्ज फिटलेलं नाही, तर... आणि पत्रा तिथंच संपतो. पुढचा पत्रा सापडलेला नाही.

'उतांग' शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं. त्यांच्याकडे 'उतांग ना लोओब' अशी कल्पना आहे. लोओब म्हणजे आतलं, अंतःकरण. अंतःकरणाचं देणं. ज्यानं अडचणीत हात दिला त्याचं ऋण. ते रकमेनं फिटत नाही आणि फेडून टाकायची घाईही करायची नसते, कारण फिटलं की नातं संपलं. ज्याला हे देणं कळत नाही असं म्हणणं ही तिथं मोठी शिवी. आपण देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं म्हणतो. हे चौथं म्हणा, शेजाऱ्याचं. पण याला दुसरी बाजू आहे. ज्यानं दिलं तो जर मनात हिशोब ठेवून बसला, तर तेच ऋण गळ्याचा फास होतं.

आणि इथं माझी कबुली. १९९८ साली मी धाकट्या भावाला घराच्या डिपॉझिटसाठी पंचाहत्तर हजार रुपये दिले होते. परत मागितले नाहीत. मागितले नाहीत याचा मला अभिमान होता. पण मनात वही उघडी होती. त्यानं गाडी घेतली तेव्हा त्या वहीत नोंद झाली. तो सहलीला गेला, नोंद झाली. त्याच्या साठीला मी गेलो नाही, पाय दुखतो म्हणून कळवलं. पाय दुखत नव्हता.

त्या पत्र्यासमोर मला वाटलं, हा नामवरान मोकळा झाला, आपण आपल्या भावाला का मोकळं करू नये? रात्री मनिलाहून फोन केला. मोठ्या मनानं म्हटलं, "अरे, ते पैसे विसरून जा. माझ्याकडून तू मोकळा."

तो गप्प. मग म्हणाला, "दादा, ते मी २००४ च्या गणपतीत वहिनींच्या हातात दिले होते."

मी सौ.कडे बघितलं. ती बॅग भरत होती. म्हणाली, "त्यातच नाही का गच्चीचं काम केलं? सांगितलं होतं मी. तुम्ही वाचत होतात आणि 'हं' म्हणालात."

(हशा)

हसा. मीही हसलो, पण जरा उशिरा. पत्र्यावरचं ते अर्धं वाक्य आठवलं. कर्ज फिटलेलं नाही असं पुढे कधी कोणी म्हणालं, तर. अकराशे वर्षांपूर्वी त्या लोकांना ज्या माणसाची भीती वाटली होती, तो माणूस मी होतो. आमच्याकडे पावती नव्हती, म्हणून तेरा वर्षं मी फिटलेल्या कर्जाचं व्याज वसूल करत होतो, तेही माणसातून.

फिलिपाईन्समध्ये प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी काहीतरी आणायचं असतं, त्याला 'पासालुबोंग' म्हणतात. आम्ही सेबूचे वाळवलेले आंबे आणले होते. विमानतळावरून थेट भावाच्या घरी गेलो. त्यानं पुडा फोडला, एक फोड खाल्ली आणि म्हणाला, "आंबापोळीच आहे की, दादा." साठीचा विषय त्यानं काढला नाही. मीच काढला.

आता प्रश्न असतील तर विचारा.