मधल्या बाकावरचा विद्यार्थी

मराठवाड्यातील शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली लातूरचे नाव प्रथम येते. कालक्रमाने पाहू गेल्यास मात्र प्रारंभ नांदेडपासून करावा लागतो. दहावीचा निकाल लागला की धर्मग्रामातील पालक आम्हांस विचारतात, ‘फादर, मुलाला लातूरला पाठवू का?’ विचारणाऱ्यांच्या मुलाला बहुधा साठ-पासष्ट टक्के गुण असतात. अशा मुलांच्या दृष्टीने हा इतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग केला. ही कामगिरी थोर खरी. पण ती भाषा उर्दू होती. खेड्यातल्या मराठी मुलाला परभाषा आणि परगाव दोन्ही एकदम पत्करावे लागत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला आणि १९५० मध्ये दोन महाविद्यालये उभी राहिली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचे महाविद्यालय निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ साली आले. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले या संस्थांत आली. गुणवंतांची निवड करीत बसण्याची चैन त्यांना परवडणारीच नव्हती.

पीपल्स कॉलेजचे नाव घेतले की नरहर कुरुंदकरांची आठवण अपरिहार्य आहे. १९३२ साली जन्मलेले कुरुंदकर हैदराबादेत शिकताना इंटरच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाले. पुढे नांदेडला शाळेत शिक्षक, मग पीपल्समध्ये प्राध्यापक आणि अखेर तेथलेच प्राचार्य. १९८२ मध्ये ते गेले तेव्हा महाराष्ट्र त्यांना विचारवंत म्हणून ओळखत होता. ते सामान्य बुद्धीचे होते असे कोणीही म्हणणार नाही. परंतु गुणपत्रिका त्यांच्याविषयी तसेच सांगत होती, आणि नांदेडने गुणपत्रिकेपलीकडे पाहिले. आजच्या प्रवेशयादीत त्यांचा क्रमांक कितवा लागला असता, कोण जाणे!

लातूरची कथा निराळी. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. दयानंद महाविद्यालय त्याहून जुने. ज्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात तो ऐंशीच्या दशकात घडत गेला. त्यात जादू कसलीच नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, सुट्टीतही वर्ग घ्यायचे, सराव परीक्षा पुनःपुन्हा घ्यायच्या, आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यापुढे ठेवून गुण कोठे गेला ते दाखवायचे. यातील एकाही गोष्टीला अलौकिक बुद्धी लागत नाही. शिक्षकाचे कष्ट मात्र लागतात. आमचे स्पष्ट मत आहे की ही पद्धत मुळात मधल्या बाकावरच्या मुलासाठीच सर्वांत उपयोगी होती. हुशार मूल तिच्यावाचूनही तरले असते. घडले ते उलट. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नावे झळकू लागली, नामांकित वर्गांचे दार उच्च गुणांनीच उघडू लागले, आणि पद्धतीचे यश मोजले जाऊ लागले ते मेडिकल-इंजिनीअरिंगच्या जागांवर. पुढे सीईटी आणि नंतर नीट आली, तशी खासगी शिकवण्यांची व वसतिगृहांची दाटी झाली. शेत गहाण टाकून पाठवलेला साधारण मुलगा त्या गर्दीत शेवटच्या तुकडीत बसतो.

तो अडखळतो कोठे? बहुधा अकरावीच्या उंबरठ्यावर. मराठी माध्यमातून ‘त्वरण’ शिकलेल्या मुलापुढे एकाएकी ‘अ‍ॅक्सिलरेशन’ येते. कल्पना तीच, पण तो ती ओळखत नाही, आणि शंका विचारायलाही लाजतो. दिवाळीपर्यंत तो स्वतःला ‘ढ’ समजू लागतो. कला शाखेत भाषेची अडचण कमी, तर दुसरीच मोठी: निकाल लागेपर्यंत आपले काय चुकते ते त्याला कोणी सांगतच नाही.

नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावे विद्यापीठ झाले. त्यामुळे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली येथील मुलांना पदवीसाठी दूर जावे लागत नाही. तेव्हा पालकांना आम्ही सांगतो, की जवळच्या महाविद्यालयात आधी जाऊन या. निकालाचे फलक वाचू नका. पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका मुलाच्या हाती किती दिवसांत परत येते, आणि ती देताना त्याच्याजवळ कोण बसते, एवढे विचारा.