काँक्रीटमधील पोलादी गज
काँक्रीट दाब उत्तम सहन करते. परंतु ताण पडताच तडकते. म्हणून ताणाच्या भागात पोलादी गज घालतात. फ्रान्समध्ये लांबो यांनी १८४८ मध्ये लोखंडी जाळीवर सिमेंटचा थर देऊन होडी बांधली, तर मॉन्ये या माळ्याने १८६७ मध्ये अशाच कुंड्यांचे एकस्व घेतले. लोखंड व काँक्रीट तापल्यावर जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, हे अमेरिकेच्या थॅडिअस हायट यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दाखविले.

तथापि गुळगुळीत गज काँक्रीटमधून निसटण्याचा धोका राहिला. त्यावर अर्नेस्ट रॅन्सम यांनी १८८४ मध्ये पीळ दिलेल्या चौरस गजांचे एकस्व मिळविले. असे गज घालून त्यांनी १८८९ मध्ये सान फ्रॅन्सिस्को येथे बांधलेला आल्व्हर्ड लेक पूल १९०६ च्या भूकंपातही सुरक्षित राहिला. पुढे पृष्ठभागावर फासळ्या असलेले गज सर्वत्र रूढ झाले.

काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील पोलादाचे रक्षण होते. मात्र आवरण अपुरे असल्यास ओलावा व लवणे आत शिरून गज गंजतो. गंजाचे घनफळ मूळ धातूहून अधिक असल्याने काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. समुद्रकाठच्या बांधकामांत हा धोका विशेष असतो. त्यामुळे गजाच्या बळाइतकेच त्यावरील आवरणाच्या जाडीला व घट्टपणाला महत्त्व आहे.