धनी परगावी, देणे दारी

प्रवासाला निघताना आपण देवाला नमस्कार करतो, दाराला कुलूप लावतो आणि किल्ली शेजारच्या वहिनींकडे देतो. घर मागे राहते आणि घराबरोबर घराची देणीही मागे राहतात. वाण्याची उधारी, दुधाचा रतीब, कामवाल्या बाईंचा पगार, विजेचे बिल. धनी गावात आहे की परगावी, याच्याशी देण्याला कर्तव्य नसते. तारीख उलटली की ते दाराशी येऊन उभे राहते. मराठी माणूस तर तीनशे वर्षे घराबाहेर आहे. आधी मोहिमेवर आणि यात्रेला, मग गिरणीत, सरकारी नोकरीत आणि आता मुलांकडे परदेशी. त्याच्या मागे घर कसे चालले, पैसा कसा पोचला आणि कोणाच्या भरवशावर, याचा हा थोडक्यात मागोवा.

सुरुवात आपल्या भोपाळपासूनच करू. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला याच शहराजवळ कोंडले. त्याची रसद तोडली. अखेर जानेवारी १७३८ मध्ये आजच्या सिहोर जिल्ह्यातल्या दोराह्याच्या सराईत तह झाला. माळव्याचा हक्क आणि मोहिमेच्या खर्चापोटी ५० लाख रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचे निजामाने कबूल केले. शाळेच्या पुस्तकात हा विजय म्हणून येतो, आणि तो होताच. पण 'मोहिमेच्या खर्चापोटी' हे शब्द नीट वाचायला हवेत. ही सगळी धावपळ कर्जावर चालली होती. शिलेदारांचा पगार थकला की ते अडून बसत आणि सावकाराचे व्याज तर छावणी कुठे का असेना, चढतच असे. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे बाजीरावांचे गुरू आणि सावकारही. त्यांना लिहिलेल्या पत्रांत हा पराक्रमी पेशवा देणेकऱ्याच्या लाचारीने बोलतो. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, तेव्हाही ते घरापासून दूर होते, आणि कर्जाचा बोजा मागच्यांच्या माथी आला.

मोहिमेवरचा माणूस तलवार चालवी, पण त्याच्या मागचा संसार चालवणारे दुसरेच कोणी असे. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या माळव्यातच आहे. मल्हारराव होळकर सतत स्वारीवर असत. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मुलगा खंडेराव कामी आल्यावर त्यांनी सुनेवर, अहिल्याबाईंवर, अधिकाधिक कामे सोपवली. वसूल, रसद, तोफखान्याची तजवीज अशा गोष्टींसाठी ते छावणीतून तिला पत्रे धाडत. पुढे त्यांनी राज्य केले ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्या आधीची कितीतरी वर्षे त्या मागे राहणाऱ्या माणसाचे काम करीत होत्या, हे ध्यानात घ्यावे. हिशेब ठाऊक असलेले एक माणूस मागे होते, म्हणून पुढचा माणूस निर्धास्त होता.

आता प्रश्न पैसा पोचण्याचा. पुण्याहून काशीला किंवा उज्जैनहून सातारला रोख नाणी नेणे म्हणजे चोराला आवतण. त्यावरची तोड होती हुंडी. पुण्याच्या सराफाकडे रक्कम भरायची. तो काशीच्या आपल्या पेढीवर चिठ्ठी लिहून देई. ती तिथे दाखवली की पैसे मिळत. या सोयीबद्दल तो जे घेई ती हुंडणावळ. हुंडी दाखवताच पैसे द्यायचे असतील तर ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे असतील तर मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या गृहस्थालाच मिळत, म्हणजे ती चोराच्या हाती लागली तरी त्याला सहज वटवता येत नसे. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून रक्कम लिहून पुढे तिची निमपट लिहायची आणि तिची दुप्पट पुरे, असे म्हणायचे. हुंडी हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झाले की हुंडीचा खोका होई, आणि तो दिल्याचा पुरावा म्हणून जपला जाई. आज बँकेत जे जे आहे, त्यातले बरेचसे इथे आहे. फक्त शिक्क्याच्या जागी माणसाची पत होती.

पण पत असलेल्यालाच हुंडी. ज्याच्याकडे भरायला रक्कमच नाही, त्याचे काय? पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण घ्या. घरावर कर्ज होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार, असे कळल्यावर १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. महूजवळ त्यांना बंडाची बातमी लागली. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काशी. झाशीचा वेढा आणि पाडाव त्यांनी आत राहून पाहिला. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. जवळजवळ तीन वर्षांनी ते घरी परतले ते मुख्यतः गंगाजलाची कावड घेऊन. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले, आणि आपण ते झाशीच्या राणीसाठी वाचतो. एकदा ते घरखर्चाच्या बाजूनेही वाचावे. मुलगा कर्ज फेडायला गेला, आणि वरसईला त्याच्या आईवडिलांपर्यंत इतके दिवस पैसा नाही, खबर नाही. त्या घराने ती वर्षे कशी काढली असतील?

गरिबाला त्याचे उत्तर मिळाले ते १ जानेवारी १८८० रोजी. त्या दिवशी टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, टपालाची बचत बँकही देशभर आली. मनीऑर्डरला सराफाची ओळख लागत नव्हती. फॉर्म भरा, रक्कम आणि वर थोडे कमिशन द्या, पोस्टमन घरपोच पैसे देईल. शेवटच्या काळात हे कमिशन दर २० रुपयांना १ रुपया असे होते. फॉर्मच्या तळाशी चार ओळींपुरते कूपन असे. धाकट्याची फी, म्हाताऱ्याचे औषध, वाण्याला किती द्यायचे, सगळे त्यात मावे. घरात वाचणारे कोणी नसेल तर पोस्टमनच वाचून दाखवी. मग अंगठा किंवा सही, आणि ती पोच फिरून पैसे पाठवणाऱ्याकडे. मुंबईतल्या खोलीत बसलेल्या माणसाला बायकोच्या अंगठ्याचा ठसा पाहून कळे की घर ठीक आहे.

कोकण आणि घाटावरची कितीतरी गावे अशी मनीऑर्डरवर जगली. गिरणगावातल्या कामगाराची दोन बिले असत. एक खानावळीचे आणि दुसरे गावाकडचे. एका खोलीत आळीपाळीने झोपायचे, पगार झाला की खानावळवाल्या बाईंचा महिना चुकता करायचा आणि उरलेले गावी. त्या खानावळवाल्या बायाही उधारीवर घर चालवत. वाण्याकडून आणायचे, महिनाभर जेवू घालायचे, पगाराला पैसे. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा ही सारी साखळीच तुटली. कामगाराचा पगार थांबला, खानावळ थकली आणि गावच्या दारात पोस्टमन येईनासा झाला. एका माणसाच्या पगारावर किती दारे उभी असतात, हे त्या वर्षी दिसले.

आपल्या भोपाळच्या मराठी घरांनाही हा अनुभव नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. त्याच वेळी उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ आणि महालेखापालांचे कार्यालय ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला, अशी वाटणी झाली. नोकरी एका शहरात आणि घर दुसऱ्या शहरात, ही गोष्ट त्यामुळे कारकुनाच्या घरी ठरूनच गेली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून आलेली मंडळी पुढे या सरकारी वसाहतींत स्थिरावली. १२५० क्वार्टरांचा तुलसी नगर हा त्याच पिढीचा. बदलीच्या नोकरीत पहिल्या तारखेला पगारातून पाकीट वेगळे काढणे, गावी मनीऑर्डर करणे आणि वहीत मांडणे हा अनेक घरांचा शिरस्ता होता. वहीच्या पहिल्या पानावर 'श्री', खाली जमा आणि नावे.

ती पिढी आता निवृत्त आहे आणि उलटा प्रवास करते आहे. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. आईवडील सहा-सहा महिने तिकडे. देणी मात्र इकडेच. सोयी कितीतरी आहेत. २०१६ पासून यूपीआय आले, बिले खात्यातून आपोआप वळती होतात, कार्डावरून ठरलेली रक्कम कापली जाण्याआधी २४ तास सूचना येते. हुंडीला जे काम करायला महिना लागे ते क्षणात होते. पण एक गोष्ट नकळत कमी झाली. मनीऑर्डरला दोन माणसे लागत, देणारा आणि घेणारा, आणि दोघांनाही हिशेब ठाऊक असे. आता सगळे एका मोबाइलमध्ये असते आणि तो बहुधा एकाच माणसाच्या खिशात.

त्यातून काय अडते पाहा. परदेशात इथले सिम चालू ठेवले नाही तर ओटीपी येत नाही. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने देता येतो, पण आठवण कोणाला तरी राहायला हवी. वीज कायद्यानुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण कुलूपबंद दारावरची नोटीस वाचणार कोण? आणि सर्वांत गंभीर गोष्ट. खाते एकट्याच्या नावावर असेल आणि तो माणूस गेला, तर ते खाते थांबते आणि त्यातून आपोआप जाणारी बिलेही थांबतात. दुःखाच्या त्या दिवसांत मागे राहिलेल्या व्यक्तीला विजेचा ग्राहक क्रमांकही ठाऊक नसतो. आपल्या पिढीत ती व्यक्ती बहुतेक वेळा घरची बाई असते. अहिल्याबाईंना छावणीतून हिशेबाची पत्रे येत. आपल्या घरात तो विषय चहाच्या टेबलावरही निघत नाही.

म्हणून जुन्या लोकांच्या रीतीतले तीन धडे घ्यावेत. पहिला, वही. कुठले बिल, ग्राहक क्रमांक काय, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यातून, कोणते आपोआप जाते आणि कोणते हाताने भरायचे, हे एका पानावर मराठीत लिहावे. दुसरा, माणूस. ते पान निदान दोघांना माहीत असावे, आणि घरखर्चाचे खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या अटीवर दोघांच्या नावे असावे. पासवर्ड त्या पानावर लिहू नयेत. तिसरा, पोच. पैसे गेले एवढे पुरेसे नाही, पोचले का ते पाहावे. हुंडीचा खोका आणि मनीऑर्डरची पोच जपणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

गेल्या तीनशे वर्षांत पैशाचा वेग वाढला, पण प्रवासाला निघणारा माणूस ज्या भरवशावर निघतो तो भरवसा जुनाच आहे. मागे कोणीतरी आहे आणि त्याला सगळे ठाऊक आहे. यंदा बाप्पाच्या विसर्जनानंतर मुलांकडे जायची तयारी कराल, तेव्हा बॅग भरण्याआधी ते एक पान लिहून काढा. वर 'श्री' लिहायला विसरू नका, आणि लिहून झाले की घरच्या माणसाला शेजारी बसवून एकदा वाचून दाखवा.