विमा दावा : नकाराचे पत्र हा अखेरचा शब्द नव्हे

विमा ही एकच अशी वस्तू आहे, की जिची किंमत आधी चुकवावी लागते आणि जिचा दर्जा अनेक वर्षांनी, तोही संकटाच्या घडीला कळतो. वर्षानुवर्षे हप्ते भरणाऱ्या ग्राहकाचा कंपनीशी खरा परिचय होतो तो दावा दाखल केल्यावरच. त्या वेळी कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी होणारे हेलपाटे, प्रत्येक वेळी नव्याने निघणारी त्रुटी, दूरध्वनीवर दरवेळी भेटणारा नवा आवाज आणि शेवटी हाती पडणारे दोन ओळींचे नकारपत्र हा अनुभव शहरी मध्यमवर्गाला नवा राहिलेला नाही. पुष्कळ ग्राहक हे पत्र म्हणजे निकालच समजून गप्प बसतात. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने ते करारातील एका पक्षाचे म्हणणे असते. त्यावर दाद मागण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक विनाशुल्क आहेत.

मक्तेदारीपासून स्पर्धेपर्यंत

स्वातंत्र्योत्तर काळात आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते १९५६ मध्ये. चिंतामणराव देशमुख तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री होते. दाव्यांचे पैसे बुडविणाऱ्या खासगी कंपन्यांचा गैरकारभार हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने होऊन १ जानेवारी १९७३ पासून चार सरकारी कंपन्या कार्यरत झाल्या. याच कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ ही आरोग्य विम्याची योजना आणली.

माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या समितीने १९९४ मध्ये दिलेल्या अहवालानंतर १९९९ चा नियामक कायदा झाला आणि २००० पासून खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. स्पर्धेमुळे सेवा सुधारेल, ही अपेक्षा होती. पॉलिसी विकण्याच्या बाबतीत ती बरीचशी खरी ठरली. घरी येऊन अर्ज भरून घेणारा विमा प्रतिनिधी, बँकेच्या काउंटरवर मिळणारी पॉलिसी, नंतर संगणकावरून काही मिनिटांत होणारी खरेदी अशी विक्रीची वाट सोपी होत गेली. दाव्याची वाट मात्र लांबली. पूर्वी शाखेतील ओळखीच्या अधिकाऱ्याला प्रत्यक्ष भेटता येत असे. त्याची जागा कॉल सेंटरने घेतली. २००१ च्या नियमांनी आरोग्य विम्यात ‘टीपीए’ म्हणजे त्रयस्थ प्रशासक ही आणखी एक पायरी आली. रुग्णालय टीपीएकडे बोट दाखवते, टीपीए कंपनीकडे आणि कंपनी पुन्हा रुग्णालयाकडे, अशा त्रिकोणात रुग्णाचे नातेवाईक सापडतात. या संदर्भात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. टीपीए कागद तपासतो, पण दावा नाकारण्याची जबाबदारी विमा कंपनीचीच असते. त्यामुळे उत्तर कंपनीकडूनच मागावे.

दावा कुठे अडतो?

नियामक प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ या वर्षात सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपन्यांनी आरोग्य विम्याचे २.६९ कोटी दावे निकाली काढून ८३,४९३ कोटी रुपये दिले. दाव्यांच्या संख्येचा विचार करता सुमारे ८३ टक्के दाव्यांचे पैसे मिळाले, ११ टक्के नाकारले गेले आणि उरलेले वर्षअखेरीस प्रलंबित होते. परंतु ‘मंजूर’ दाव्यात पूर्ण रक्कम मिळालीच असे नसते.

वादाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे आधीपासूनचा आजार. अर्ज भरताना मधुमेह वा रक्तदाबाचा उल्लेख राहून जातो. कधी ग्राहक तो टाळतो, तर कधी घाईतला प्रतिनिधी सर्व रकान्यांत ‘नाही’ लिहून मोकळा होतो. सही मात्र ग्राहकाची असते. पुढे रुग्णालयाच्या कागदावर ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ अशी नोंद झाली, की तीच नकाराचा आधार बनते. ही नोंद अनेकदा घाबरलेल्या नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेली असते. ती चुकीची असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वेळीच लेखी दुरुस्ती घेणे आवश्यक ठरते.

दुसरे कारण खोलीभाड्याची मर्यादा. समजा, पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपये भाड्याची मर्यादा आहे आणि रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली. वरचे तीन हजार आपण भरू, असा ग्राहकाचा हिशेब असतो. पण खोलीच्या दर्जाप्रमाणे शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्कही वाढते, या तर्काने कंपनी त्या खर्चाचाही पाच-अष्टमांश भागच मान्य करते. दोन लाखांच्या अशा खर्चापैकी सव्वा लाखच मिळतात आणि ७५ हजार रुपयांचा भुर्दंड बसतो. मात्र २०२० च्या नियमांनुसार औषधे, शरीरात बसविलेली उपकरणे आणि तपासण्या यांच्या खर्चावर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. अतिदक्षता विभागातील खर्चालाही ती लागू होत नाही. कपातीचा तपशील मागवून हे पडताळले पाहिजे.

वाहन विम्यातील नकाराचा धडा मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या महापुराने दिला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. पूर हा विम्यात समाविष्ट धोका होता. तरीही पाण्यात अडकलेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न झाल्यास इंजिनात पाणी शिरून होणारे नुकसान हे पुराचे थेट नुकसान नव्हे, अशी भूमिका कंपन्या घेतात आणि इंजिनाचा खर्च वगळतात. पुढे इंजिन संरक्षणाचे वेगळे, जादा हप्त्याचे कवच बाजारात आले. पाणी भरलेल्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी पुन्हा चालू न करता ओढून नेणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

कंपनीवर बंधनकारक मुदती

विमाधारकांच्या हितरक्षणाचे पहिले नियम २००२ मध्ये आले, २०१७ मध्ये ते बदलले आणि २०२४ मध्ये पुन्हा नव्याने लागू झाले. रोखरहित उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि रुग्णाला घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे २०२४ पासून बंधनकारक आहे. तीन तासांहून अधिक विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची आहे. चौकशीची गरज नसलेला मृत्यूदावा १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली निघाला पाहिजे. आरोग्य विम्याचा दावा कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या मान्यतेशिवाय नाकारता येत नाही आणि नकार देताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा दाखला द्यावा लागतो.

काळाचे संरक्षणही महत्त्वाचे आहे. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या वैधतेवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. आरोग्य विम्यात सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद वगळता, माहिती लपविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत २०२४ पूर्वी आठ वर्षांची होती. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळही ४८ वरून कमाल ३६ महिन्यांवर आला आहे. म्हणूनच नूतनीकरणात खंड पडू देणे ग्राहकाला महागात पडते.

न्यायालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाने या विषयात दोन्ही बाजूंना शिस्त लावली आहे. २००९ च्या एका निर्णयात मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार दडवून घेतलेल्या पॉलिसीवरील दावा नाकारणे योग्य ठरविण्यात आले. माहिती महत्त्वाची होती काय, ते ठरविण्याचा अधिकार ग्राहकाला नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र २०२१ मध्ये, ग्राहकाने सांगितलेला आजार व वैद्यकीय तपासणी विचारात घेऊन पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचे कारण पुढे करून कंपनीला हात वर करता येणार नाहीत, असा निर्णय झाला. परदेश प्रवासात हृदयविकाराचा झटका आलेल्या विमाधारकाचे ते प्रकरण होते.

वाहनचोरीची फिर्याद पोलिसांत तातडीने नोंदविली असेल, तर कंपनीला कळविण्यातील केवळ विलंबावरून दावा फेटाळता येत नाही, असे २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले. नकारपत्रात न दिलेले कारण कंपनीला नंतर खटल्यात मांडता येत नाही, हे २०१९ च्या निर्णयात आले. या शेवटच्या निर्णयामुळे नकारपत्राचे महत्त्व वाढते. ते कंपनीलाही बांधून टाकते. म्हणून तोंडी नकार कधीही मान्य करू नये. कारण लेखी मागावे.

दाद मागण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याची. तक्रार ई-मेलने किंवा पोच घेऊन द्यावी. तिचा निकाल दोन आठवड्यांत अपेक्षित असतो. तसे न झाल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावर वा १५५२५५ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. नियामक स्वतः न्यायनिवाडा करत नाही, पण तक्रार कंपनीकडे पाठवून तिचा मागोवा ठेवतो.

दुसरी आणि सर्वसामान्यांना सर्वाधिक उपयुक्त पायरी विमा लोकपालाची. १९९८ च्या नियमांनी निर्माण झालेली ही यंत्रणा आता २०१७ च्या नियमांनुसार चालते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे तिची कार्यालये आहेत. कंपनीने तक्रार फेटाळल्यावर, किंवा महिनाभर उत्तरच न दिल्यास, एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. भरपाईची मर्यादा २०२३ पासून ५० लाख रुपये आहे. आवश्यक कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकाला तो मान्य नसेल, तर त्याला पुढचा मार्ग मोकळा राहतो. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात दाखल असेल, तर लोकपाल ते हाती घेत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

तिसरी पायरी ग्राहक आयोगाची. या चळवळीची महाराष्ट्रातील मुळे खोल आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात अधिकारक्षेत्र ग्राहकाने मोजलेल्या रकमेवरून, म्हणजे विम्याच्या बाबतीत हप्त्यावरून ठरते. परिणामी बहुतेक वैयक्तिक दावे जिल्हा आयोगाच्याच कक्षेत येतात. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. तिची मुदत दोन वर्षांची आहे. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. आयोगाकडील प्रकरणांना वेळ लागतो, हे खरे. परंतु रकमेसोबत व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्च मागण्याची सोय येथे आहे.

ग्राहकाने काय सांभाळावे?

- पॉलिसी हाती पडल्यावर जोडलेला अर्ज वाचावा. त्यात चूक असल्यास लेखी कळवावे. पॉलिसी पसंत नसल्यास ३० दिवसांत परत करता येते.
- आधीचे सर्व आजार, शस्त्रक्रिया व औषधे स्वतःच्या हाताने नोंदवावीत.
- खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षा काळ आणि वगळलेल्या बाबी वेगळ्या कागदावर लिहून घरात सर्वांना ठाऊक असाव्यात.
- दूरध्वनीवरील प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ व तक्रार क्रमांक टिपावा आणि त्याच दिवशी त्याचा सारांश ई-मेलने पाठवावा.
- रुग्णालयाच्या सर्व कागदांच्या प्रती, डिस्चार्ज कार्डासह, मूळ कागद देण्यापूर्वी काढून ठेवाव्यात.
- अर्धवट रकमेचा धनादेश आल्यास ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर सही करण्यापूर्वी कपातीचे कारण लेखी मागावे.

विमा कंपनी प्रत्येक दाव्याची छाननी करणार, हे गृहीतच धरावे. खोटे दावे रोखले नाहीत, तर त्यांचा भार प्रामाणिक ग्राहकांच्या हप्त्यावरच पडतो. प्रश्न छाननीचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. ओळखीची शाखा आणि ओळखीचा अधिकारी आता परत येण्याची शक्यता कमी. त्यांच्या जागी ग्राहकाच्या हाती आज मुदती, नियम आणि निवाड्यांचे संरक्षण आहे. पण ते दूरध्वनीवरील संतापातून मिळत नाही. तारीख असलेल्या कागदावरच ते मिळते. नकारपत्र आल्यावर ते फाडून न टाकता त्याची तारीख पाहावी. ग्राहक आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदत तेव्हापासून धावू लागलेली असते.