हॉटेल आपण निवडतो की हॉटेल आपल्याला? मुंबईच्या आलिशान हॉटेलांचा इतिहास

 आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? दोन दिवस मुंबईला जायचंय, एखादा वाढदिवस आहे, लग्नाची पंचविशी आहे, एकदा तरी मोठ्या हॉटेलात राहायचंय, तर कुठलं निवडावं? हा प्रश्न आज कुणीही विचारतो. मोबाइलवर फोटो बघायचे, भाव बघायचे, समुद्र दिसतो का ते बघायचं आणि पैसे भरायचे. यात निवडणारे आपण, असं आपण गृहीत धरतो. आज आपल्याला एवढंच बघायचंय की हे गृहीत धरणं किती नवीन आहे. मुंबईत मोठी हॉटेलं आली त्यानंतर कितीतरी वर्षं पाहुणा हॉटेल निवडत नव्हता, हॉटेल पाहुणा निवडत होतं.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत ‘आज हॉटेलात जाऊ या’ असं म्हटलं तर कुणी बॅग भरत नाही. हॉटेल म्हणजे मिसळ, भजी, चहा. राहण्याच्या जागेला आपण लॉज म्हणतो, किंवा ‘बोर्डिंग-लॉजिंग’ अशी पाटी वाचतो. इंग्रजीतला मुक्कामाचा शब्द मराठीत आला आणि खाण्याच्या टेबलावर बसला. साध्या मराठी माणसाची त्या शब्दाशी ओळख कुठल्या बाजूने झाली, हे यावरून लक्षात येतं.

मग आपले लोक प्रवासात राहत कुठे? नातेवाइकांकडे, ओळखीच्याकडे, धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत, तीर्थाच्या गावी उपाध्यायांच्या घरी. आता यात आपुलकी होती, पैसेही फार लागत नसत, हे खरंच. पण यातली प्रत्येक जागा आधी एक गोष्ट विचारायची: तुम्ही कोण? जात कुठली, गाव कुठलं, ओळख कुणाची? त्या उत्तरावर मग पाट कुठे मांडायचा, पाणी कुठून द्यायचं, हे ठरायचं. तेव्हा पुढे आपण इंग्रजांच्या हॉटेलांबद्दल बोलणार आहोत, पण दारावर माणूस पारखण्याची रीत त्यांनीच आणली, असा समज करून घेऊ नका.

आता १८६९ साल. सुएझचा कालवा सुरू झाला आणि युरोपातून येणाऱ्या बोटींचा आफ्रिकेला घालायचा वळसा वाचला. मुंबई हिंदुस्थानचं पश्चिमेकडचं मोठं दार बनली. याच सुमारास काळा घोड्याजवळ एक विलक्षण इमारत उभी राहिली, वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल. तिचा सांगाडा बिडाच्या लोखंडाचा. तो इंग्लंडमध्ये ओतला, सुट्या भागांत बोटीने आणला आणि इथे जोडला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छपराच्या कामात होते, तेच हे ऑर्डिश. सव्वाशेच्या आसपास खोल्या, मध्ये उंच चौक, त्यावर काचेचं छत, बाहेरून रुंद गॅलऱ्या.

त्या काळी आलिशान म्हणजे काय, तेही समजून घ्या. वीज नाही, वातानुकूलन तर फार पुढची गोष्ट. मुंबईच्या उकाड्यात चैन म्हणजे वारा. म्हणून उंच छत, गॅलरी, समोर मोकळं मैदान आणि हाताशी भरपूर नोकर. हॉटेल न्यायालयाजवळ, कचेऱ्यांजवळ, बंदरापासून गाडीने थोड्या अंतरावर. बोटीतून उतरलेल्या साहेबाला दुसरीकडे बघायची गरज नव्हती. आणि हे हॉटेल होतं युरोपियनांसाठी. आपली माणसं तिथे होती, पण पंखा ओढायला, सामान उचलायला, खोल्या झाडायला.

याच हॉटेलात जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन उतरला होता. त्याने आपल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांवर भरपूर विनोद केलेत. पण त्याच मुक्कामातला एक प्रसंग विनोदाचा नाही. खोली दाखवायला एक धिप्पाड जर्मन माणूस आला, बरोबर दोन-तीन हिंदी नोकर. गॅलरीच्या दाराचं काहीतरी काम होतं. एक नोकर गुडघ्यांवर बसून ते करू लागला. काम ठीक चाललं होतं, तरी त्या माणसाने काय चुकलं ते न सांगता त्याच्या जबड्यावर एक ठोसा दिला. नोकर काही बोलला नाही. ट्वेन लिहितो की त्या क्षणी तो पन्नास वर्षं मागे, आपल्या बालपणात गेला. अमेरिकेतल्या मिसुरीत त्याच्या लहानपणी गुलामांना असंच मारलं जाई आणि ते सगळ्यांना स्वाभाविक वाटे. बघा, शहरातलं उत्तमातलं हॉटेल, आणि एका पाहुण्याला तिथे गुलामगिरी आठवली. आलिशानपणाचा हिशोब मांडताना हा ठोसाही त्यात धरावा लागतो.

१८९६ हे वर्षच मोठं चमत्कारिक. जानेवारीत ट्वेन. ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच वॉटसन्समध्ये. आठवड्याभरात तो खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि तिकीट काढणाऱ्या शहरापर्यंत पोहोचला. आणि पावसाळा सरता सरता मांडवी भागात प्लेग सुरू झाला. लाखो लोक मुंबई सोडून गेले.

प्लेगचं सावट अजून शहरावर होतं, त्या काळात जमशेटजी टाटांनी अपोलो बंदरावर हॉटेल बांधायला घेतलं. इथे तुम्हा सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट येते. जमशेटजींना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी रागाने ताज बांधलं. गोष्ट छान आहे, शाळेच्या भाषणात टाळ्या घेते. पण इतिहासकारांनी तिच्यावर शंका घेतली आहे, आणि आम्हालाही ती पुरेशी वाटत नाही. जमशेटजी कापडगिरण्या चालवत होते, पोलादाचा कारखाना आणि विज्ञानसंस्था यांची स्वप्नं बघत होते. ज्या शहरातून लोक पळून जात होते, त्या शहरात लोकांनी यावं, राहावं असं काही उभं करायचं, हा विचार त्यांच्या एकूण कामात बसतो. एका अपमानाच्या गोष्टीत तो मावत नाही. शिवाय त्या गोष्टीमुळे एक नुकसान होतं. भेदभाव म्हणजे एका श्रीमंत माणसाला एका दारावर झालेला त्रास, असं वाटायला लागतं. जे त्या दारापर्यंत कधी जाणारच नव्हते, ते गोष्टीतून गळतात.

ताजबद्दल दुसरीही दंतकथा आहे. परदेशी आर्किटेक्टने नकाशे पाठवले, इथल्या लोकांनी इमारत उलटी बांधली, ते बघून त्याने जीव दिला. ही साफ खोटी. पूर्वी ताजचं मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे. ती मुद्दाम केलेली रचना होती. आणि आराखडा कुणाचा? सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. हे वैद्य म्हणजे स्टीव्हन्स साहेबांच्या हाताखाली व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामात असलेले रावसाहेब वैद्य. ताज पूर्ण होण्याआधीच ते वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. दंतकथेत नसलेल्या परदेशी माणसाला जागा मिळाली आणि आपल्या इंजिनियरचं नाव आपणच विसरलो. पुढच्या वेळी ताजसमोर फोटो काढाल तेव्हा हे एक नाव मनात घ्या.

१६ डिसेंबर १९०३ ला ताज सुरू झालं. पहिल्या दिवशी पाहुणे सतरा. गेटवे ऑफ इंडिया अजून नव्हतं बरं का, ते १९२४ मध्ये पुरं झालं. चैनीची व्याख्या आता बदलली होती: विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की हमामखाना. आणि मुख्य म्हणजे इथे हिंदी आणि युरोपियन पाहुणे एकाच छपराखाली उतरत. संस्थानिक येत, व्यापारी येत. पुढे सरोजिनी नायडूंचा मुक्काम इथे असे. म्हणजे कातडीचा प्रश्न मागे पडला आणि खिशाचा पुढे आला. ही पायरी छोटी नव्हती, पण शेवटचीही नव्हती.

कारण त्याच शहरात, ताजपासून अडीच-तीन किलोमीटरवर, क्रॉफर्ड मार्केटजवळ दुसरं एक मुक्कामाचं ठिकाण होतं, सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईला आले की बहुधा तिथे उतरत. जेवणखाण आपल्या पद्धतीचं, माणसं आपली, भेटायला येणाऱ्याला जिन्यावर कुणी अडवणार नाही. शहरात काम असलेल्या मराठी माणसाची ‘चांगल्या’ मुक्कामाची कल्पना ही अशी होती. १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्रीनंतर लोकमान्यांनी इथेच देह ठेवला. बाहेर रस्ताभर माणूस लोटला आणि तिथून अंत्ययात्रा चौपाटीवर गेली. मुंबईच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग एका साध्या लॉजच्या दारात घडला. कुठलं हॉटेल महत्त्वाचं, हे नेहमीच त्याच्या भाड्यावरून ठरत नाही, ते असं.

आता मुंबई सोडून जरा बडोद्याला जाऊ, एका रात्रीचा रेल्वेप्रवास. प्रश्नाचं खरं टोक तिथे आहे. साल १९१७. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, लंडनहून परतलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आले. खिशात पैसे होते, अंगावर चांगले कपडे होते. पण राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात जात विचारणार. म्हणून त्यांनी पारशांचं एक विश्रामगृह गाठलं आणि तिथे पारशी नाव लावून खोली घेतली. भाडं रोजचं दीड रुपया. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगितली. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडेही सोय झाली नाही. मग बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट बघितली. हे सगळं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत लिहून ठेवलं आहे.

लक्षात घ्या, इथे गोरा साहेब कुठेच नाही. पैशांची अडचण नाही, शिक्षणाची नाही. तरीसुद्धा निवडायचा अधिकार पाहुण्याकडे नाही.

आणि म्हणून आपल्या विषयातली सर्वांत महत्त्वाची तारीख कुठल्या हॉटेलच्या उद्घाटनाची नाही. ती आहे २६ जानेवारी १९५०. राज्यघटनेचा अनुच्छेद १५, दुसरा खंड. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा इथे जाण्यापासून अडवता येणार नाही. हॉटेलांचा उल्लेख त्यात नावानिशी आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षांना बडोद्यातली ती संध्याकाळ आठवली असेल का, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावं. पण आपण मोबाइलवर बोट ठेवून खोली ठरवतो, त्याच्या मागे हे वाक्य उभं आहे.

पुढचं थोडक्यात. ताजजवळचं मॅजेस्टिक हॉटेल, तेही चेंबर्स यांचंच काम, पुढे सरकारकडे गेलं आणि आमदार निवास झालं. मतदारसंघातून आलेली माणसं त्या जिन्यांवरून चढली. ताजशेजारचं ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी सत्तरच्या दशकात ताजचा मनोरा आला. त्याच सुमारास नरिमन पॉइंटला भराव टाकलेल्या जमिनीवर ओबेरॉय उभं राहिलं. शहराचं तोंड बंदराकडून कचेऱ्यांकडे वळलं, तशी हॉटेलं वळली. २००८ च्या नोव्हेंबरात या दोन्ही हॉटेलांवर हल्ला झाला. पाहुण्यांना वाचवताना कर्मचाऱ्यांनी जीव दिले. ताजची जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली. आणि वॉटसन्स? त्याचं एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या, वकिलांची दालनं झाली. २००५ मध्ये गॅलरीचा भाग कोसळला. जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव गेलं.

तर मग निवडायचं कुठलं? आमचं सांगणं साधं आहे. एक, हॉटेल कुठे आहे ते आधी बघा, कारण जागा सांगते की शहर त्या काळी कुठे तोंड करून उभं होतं. जुनी मुंबई पायी बघायची असेल तर कुलाबा-फोर्ट, आणि शक्य असेल तर नव्या मनोऱ्यापेक्षा जुनी इमारत. दोन, राहणं परवडत नसेल तरी बिघडत नाही. ताजपासून निघा, मॅजेस्टिक बघा, काळा घोड्याला वॉटसन्सचा लोखंडी सांगाडा बघा, मग टॅक्सी करून सरदारगृह. अर्ध्या दिवसात हा सगळा इतिहास डोळ्यांखालून जातो. आणि तीन, जिथे राहाल तिथे सामान उचलणाऱ्याशी, खोली झाडणाऱ्याशी लोक कसे बोलतात ते ऐका. ट्वेनने तेच पाहिलं होतं.

आणि एक विनंती. घटनेने हॉटेलाचं दार उघडलं, पण आजही नाव-आडनाव ऐकून ‘खोली शिल्लक नाही’ म्हणणारे आहेत, भाड्याच्या घरांच्या बाबतीत तर फारच. तुमच्यासमोर असं घडलं तर ते व्यवस्थापकाचं धोरण म्हणून सोडून देऊ नका. अनुच्छेद १५ हॉटेलांपुरता तरी स्पष्ट आहे, तो दाखवा.

इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ.