न कुजणारी होडी

मी शेतकरी माणूस. देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात आमची थोडी भातजमीन आणि चाळीस हापूसची कलमं. १९७६ ला दहावी झालो आणि नांगराला लागलो. होडीवर लिहायचा मला अधिकार किती, हे वाचणाऱ्याने ठरवावं. पण एका होडीत माझी चार आण्यांची पाती होती, आणि त्या होडीचं जे झालं त्यात माझाही हात होता. म्हणून लिहितो.

आमच्या पाणंदीच्या वरच्या अंगाला आम्ही कुळवाडी, खालच्या अंगाला गाबीत वाडी. तांडेल माझ्याच वर्गातला. शाळा सुटली की मी त्याच्या बरोबर किनाऱ्यावर. तेव्हा सगळ्या होड्या लाकडाच्या. लहान होडकी एकाच आंब्याच्या खोडातून कोरलेली, मोठ्या फळ्यांच्या. काही तर खिळ्याविना, नुसत्या काथ्याच्या सुंभाने शिवलेल्या. एका बाजूला उलांडी, म्हणजे पाण्यावर तोल धरणारा लाकडी ओंडका. साग, आईन, फणस, उंडी, ज्याला जे मिळेल ते लाकूड. उंडीचं झाड किनाऱ्यालाच होतं आणि त्याच्या बियांचं कडू तेल दिव्याला आणि होडीलाही चालायचं.

त्या होडीची बडदास्त सुनेच्या पहिल्या बाळंतपणासारखी. पाऊस यायच्या आत ती ओढून वर घ्यायची, झावळांच्या मांडवात ठेवायची. पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे. लाकूड पोखरणारी कीड मरावी म्हणून पेटत्या झावळांचा जाळ खालून फिरवायचा, जळेल इतका नाही, चटका बसेल इतका. मग फटीत कापूस ठोकायचा आणि तेलाचे हात द्यायचे. मोरीच्या काळजाचं तेल असेल तर अर्ध्या गावाला वास. तांडेलाचे वडील तेव्हा फळीन् फळी बोटाच्या पेराने ठोकत जायचे आणि कान देऊन ऐकायचे. आम्ही पोरं हसायचो. ते म्हणायचे, "होडी म्हणजे म्हातारी आवस. तिका रोज इचारूक व्हया, काय दुखता गो?"

हे सगळं मोडलं ते एका दिवसात नाही. जुनी लाकडं संपत आली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि होडीजोगा साग आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेला. होडी बांधणारे सुतार म्हातारे झाले, त्यांची मुलं मुंबईला. तोवर फायबर आलं होतं. काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन यांची होडी अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास निघाली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होडीवर फायबरचं कवच चढवण्याचं काम केलं. पुढे २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून फायबरच्या होड्यांची रांग लागली आणि ओंडके बांधून केलेले तिथले कट्टुमरम मागे पडले. आमच्या बंदराला हे वारं त्याआधीच लागलं होतं.

१९९८ ला तांडेलाची लाकडी होडी थकली. नवी घ्यायला त्याच्याकडे पैसे कमी पडत होते. त्या साली माझा आंबा बरा गेला होता. मी चार आणे घातले. चोवीस फुटी फायबरची होडी, मागे लटकणारं इंजिन. विकणारा म्हणाला, "पाणी पिणार नाही, कीड लागणार नाही, जन्मात कुजणार नाही." आम्ही दोघांनी मान डोलावली. जुनी होडी मोडली तिचं अर्धं लाकूड तांडेलाच्या चुलीत गेलं, आणि एक जाड फळी अजून माझ्या गोठ्यात गव्हाणीला आहे.

विकणारा खोटं बोलला नाही, आणि खरंही सगळं बोलला नाही. काच कुजत नाही, रेझिनही कुजत नाही. पण ज्यावर उभं राहून जाळं ओढायचं तो डेक नुसत्या फायबरचा केला तर पायाखाली लवतो. म्हणून वर फायबर, खाली फायबर आणि मधे प्लायवूड. करंजीत सारण असावं तसं. बाहेरून पाहणाऱ्याला आत लाकूड आहे हे कळतसुद्धा नाही. आम्हालाही कळलं नव्हतं.

चौदा वर्षं होडीने कमावून दिलं. फयानमध्ये, नोव्हेंबर २००९ ला, कोकणच्या किती घरांतली माणसं गेली. तांडेल त्या दिवशी तापाने घरी होता म्हणून वाचला. २०१२ ला बर्फाची पेटी डेकवर सरकायची, म्हणून त्याने मला हाक मारली. माझ्याकडे हातड्रिल होतं. मी आठ भोकं पाडली, लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळल्या आणि चहा पिऊन घरी आलो. अर्ध्या दुपारचं काम.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात होडीवरची शाकारणी उडाली. त्या पावसाळ्यात ती उघडीच राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाळं ओढताना तांडेलाचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत डेकच्या आत गेला. फायबरच्या काठाने नडगी फाडली, घोटा मोडला. तो मला नंतर म्हणाला, "माका वाटला, पाय सरळ दर्यातच गेलो." सबंध हंगाम बुडाला.

त्याचा मुलगा मालवणला पर्यटकांच्या बोटीवर असतो. तो म्हणाला, "काका, इकून टाकूया." घेणार कोण? भंगारवालाही फायबर घेत नाही. ते वितळत नाही. जाळलं तर काळा धूर आणि खाली काचेचा गोळा. तांडेल खाटेवरून म्हणाला, "लाकडाची होडी मेली तर चूल तरी पेटायची. ही धड जगणा नाय, धड मरणा नाय."

एप्रिल २०२३ मध्ये आम्ही ती माझ्या कलमाखाली आणली. रेझिनला दमट हवा चालत नाही, आणि १ जूनपासून मासेमारी बंद असली तरी पाऊस काही तारीख बघत नाही. हाताशी सहा आठवडे होते. तांडेल खुर्चीवर, पाय चिऱ्यावर ठेवून. त्याने मला रुपयाचं नाणं दिलं आणि डेक ठोकायला सांगितलं. चांगल्या जागी टण् वाजायचं, कुजक्या जागी भद्द, ओल्या पेंढ्यावर काठी मारावी तसं. मी खडूने रेघ ओढत गेलो. रेघ पुरी झाली तेव्हा तिच्या मधोमध माझ्या पेटीची आठ भोकं होती.

ग्राइंडरने वरचं कवच कापलं. सहा फूट बाय पाच. आत प्लायवूड नव्हतंच, काळा चोथा होता. हाताने उपसला, घमेली भरली. बोल्टांभोवती सर्वांत काळा, आणि लांब जाईल तसा फिकट. पावसाचं पाणी त्या भोकांतून आत उतरलं होतं आणि परत वर यायला वाट नव्हती. मी चोथा उपसत होतो आणि मान वर करत नव्हतो.

शेवटी म्हटलं, "ही भोकां माझी."

तांडेल म्हणाला, "म्हायत आसा. पेटी मी धरलंय मां." मग थोड्या वेळाने, "तू एक दुपार भोकां मारलंस. मी धा वर्सां वर उभो रवलंय. एकदा तरी खाली बघलंय?"

पुढे आम्ही त्यावर बोललो नाही. त्याच्या पायाचं मात्र मी विसरत नाही. घोटा अजून सकाळी धरतो.

खालचं कवच तीन आठवडे उन्हात वाळवलं. रात्री ताडपत्री, सकाळी काढायची, उडदाच्या वाळवणासारखं. कापलेल्या कडा दोन-तीन इंच उतरत्या घासल्या, म्हणजे नवा थर जुन्याला धरतो. ती भुकटी अंगाला लागली की खाजकुयलीचा बाप. मी पहिल्या दिवशी गरम पाण्याने आंघोळ केली ती चूक. थंड पाणीच घ्यावं.

रत्नागिरीहून मरीन प्लाय आणली, १२ मिलिमीटर, आयएस ७१० छापाची. चटईच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन लागतं. दुकानदाराने बजावलं होतं, कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर घालायचा; ते दोन थेट एकमेकांत पडले तर भडका. ते पाळलं. पण मेच्या उन्हात हार्डनरचं माप शिशीवरच्या आकड्याप्रमाणे धरलं आणि पहिला डबा हातातच तापून धुरला, दगड झाला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला, थोडं थोडं कालवून काम.

प्लायच्या चारही कडांना आणि दोन्ही बाजूंना आधी रेझिन पाजलं. खाली ओली चटई, तिच्यावर प्लाय, प्लायवर माझ्या गडग्यातले चिरे. दुसऱ्या दिवशी चिरे काढून वरून तीन थर, रोलरने हवेचे फुगे मारत. मुलगा दोन रविवार आला. तिसऱ्या रविवारी न बोलावता आला आणि बापाच्या हातातला रोलर घेतला.

२७ मेच्या संध्याकाळी दक्षिणेला ढग चढले तेव्हा शेवटचा थर सुकत होता. तांडेल कुबडी टाकून डेकवर चढला, खिशातून रुपया काढला आणि नाळेपासून मागपर्यंत ठोकत गेला, कान लावून. त्याचे वडील ठोकायचे तसाच. या वेळी कोणी हसलं नाही.

पेटीसाठी पट्ट्या बसवू का, असं मी विचारलं. भोक मोठं पाडावं, घट्ट कालवलेल्या रेझिनने भरावं आणि त्यात पुन्हा बारीक भोक पाडावं, म्हणजे बोल्टला लाकूड लागतच नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. तो म्हणाला, "ड्रिल घराक ठेव."

नारळी पुनवेनंतर होडी पाण्यात गेली. पेटी सुंभाने बांधलेली असते.