चंद्राला स्कोप आहे का?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एक प्रश्न फिरायला लागतो. "यात पुढे स्कोप काय?" इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए या मंडळींना हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारला जातो तो बाकीच्यांना. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हापासून आमच्या नात्यातल्या दोघातिघांना ग्रहविज्ञान करायचंय, आणि त्यांच्या आया हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. का, तर मी "आकाशातलं काहीबाही वाचते" म्हणून! मी त्या क्षेत्रातली नाही. पण उत्तर द्यायचं म्हणून या विषयाचा इतिहास वाचत गेले आणि त्यातच गुंतले. कारण सत्तर वर्षांपूर्वी ही नोकरीच अस्तित्वात नव्हती. मग ती आली कुठून?

१९५०च्या आसपास खगोलशास्त्रज्ञ म्हणजे ताऱ्यांचे आणि दीर्घिकांचे अभ्यासक. ग्रहांकडे वळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि चंद्र तर निव्वळ हौशी लोकांचा. मोठ्या दुर्बिणीवाल्यांना चंद्र म्हणजे एक कटकटच, कारण तो असला की आभाळ उजळतं आणि अंधुक तारे दिसत नाहीत. अशा काळात जेरार्ड कायपर नावाचा मूळचा डच, अमेरिकेत स्थायिक झालेला शास्त्रज्ञ चिकाटीने ग्रहांच्या मागे लागला होता. शनीच्या टायटन या चंद्राला वातावरण आहे हे त्याने १९४४ मध्ये दाखवलं, मंगळाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड आहे हे १९४७ मध्ये. लोकांनी कौतुक केलं, पण त्याच्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही.

१९५५ साली डब्लिनला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेचं अधिवेशन भरलं. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमलेले. कायपरने तिथे एक पत्रक वाटलं. चंद्राच्या चांगल्या छायाचित्रांचा एक नवा नकाशासंग्रह करायचा विचार आहे, सूचना कळवाव्यात, अशा अर्थाचं. किती जणांनी उत्तर दिलं असेल? एकाने!

त्याचं नाव युवेन व्हिटेकर. इंग्लंडच्या ग्रिनिच वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांवर काम करणारा माणूस. डॉक्टरेट नाही. चंद्राचं वेड होतं, पण ते नोकरीबाहेरचं, हौशी मंडळींच्या संस्थेतलं. कायपरने त्याला १९५८ मध्ये अमेरिकेत बोलावून घेतलं. १९६० साली दोघंही टूसॉनला, अ‍ॅरिझोना विद्यापीठात गेले आणि तिथे कायपरने चंद्र-ग्रहांना वाहिलेली स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. नकाशासंग्रहही त्याच वर्षी छापून झाला.

नशीब बघा. मे १९६१ मध्ये केनेडींनी जाहीर केलं की हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा. उतरायचं तर नकाशा हवा, आणि नकाशावाले होते मूठभर. एप्रिल १९६७ मध्ये सर्व्हेयर-३ हे यान चंद्रावर उतरलं. ते नेमकं कुठे उभं आहे हे व्हिटेकरने फोटोंवरून हुडकून काढलं. त्या खुणेवर भरवसा ठेवून नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ त्याच्यापासून दोनशे मीटरच्या आत उतरलं. डॉक्टरेट नसलेल्या त्या गृहस्थाचा छंद असा कामी आला.

१९५५ मध्ये व्हिटेकरला कुणी स्कोप विचारला असता, तर काय सांगितलं असतं त्याने? पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते डब्लिनचं अधिवेशन. कायपर पत्रक वाटू शकला, कारण लोक एका जागी जमले होते.

आता दुसरं संमेलन. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ ने साडेएकवीस किलो दगडमाती आणली. सप्टेंबरात ती जगभरातल्या दीडशेच्या आसपास संशोधक गटांना वाटली गेली. कुणाला चिमूटभर, कुणाला दगडाचा तुकडा. अट एकच. ह्यूस्टनला सगळे जमतील तोवर कुणी निष्कर्ष जाहीर करायचे नाहीत. (वैज्ञानिकांनी तोंड बंद ठेवायचं म्हणजे काय दिव्य असेल!) ५ ते ८ जानेवारी १९७० ला ती परिषद झाली.

तिथे आलेले लोक "ग्रहशास्त्रज्ञ" नव्हते. कुणी खनिजं ओळखणारा, कुणी रसायनवाला, कुणी भौतिकीवाला, कुणी उल्कापाषाण जमवणारा. चार दिवस सगळे एकाच मातीबद्दल बोलत होते. त्यातला जॉन वुड नावाचा शास्त्रज्ञ. अपोलो-११ उतरलं ते काळ्या बेसॉल्टच्या मैदानावर, पण वुडला आपल्या वाट्याच्या मातीत थोडे पांढुरके कण दिसले. तो म्हणाला, हे इथले नव्हेत, लांबच्या डोंगराळ भागातून आघातांनी उडून आलेले आहेत. ज्या खनिजाचे ते बनलेत ते हलकं असतं, वितळलेल्या खडकावर तरंगतं. म्हणजे एके काळी सगळा चंद्रच वितळलेल्या खडकाचा समुद्र असणार, आणि त्यावर हे पांढरं कवच दुधावरच्या सायीसारखं जमलं असणार. शिकागोच्या जोसेफ स्मिथनेही स्वतंत्रपणे हेच मांडलं. मूठभर मातीवरून अख्ख्या चंद्राचं बालपण! त्या महिनाअखेरीचा "सायन्स" नियतकालिकाचा अंक या परिषदेलाच वाहिलेला होता.

ती परिषद मग दर वर्षी भरत राहिली. १९७८ पासून तिच्या नावात चंद्राबरोबर ग्रहही आले. माझ्या मते ग्रहशास्त्रज्ञ नावाची जमात खरी तयार झाली ती तिथे. दर वर्षी भेटायचं, एकमेकांच्या चुका काढायच्या, विद्यार्थी सोबत न्यायचे. विद्यार्थ्यांना तिथेच पुढचे गाईड भेटले, नोकऱ्या कळल्या.

आपला मुंबईचा धागाही इथेच आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, देवेंद्र लाल यांचा गट वैश्विक किरणांवर काम करायचा. हे किरण खनिजातून जाताना बारीक ओरखडे सोडतात. खनिजावर रसायनाची प्रक्रिया केली की ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यांची संख्या मोजली की दगड उघड्यावर किती काळ पडून होता ते कळतं. हे कसब मुंबईत आधीपासून होतं, ते चंद्रासाठी कुणी मुद्दाम शिकलं नव्हतं. लाल तेव्हा अमेरिकेतही काम करत, अपोलो-११ च्या मातीवरच्या त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधात त्यांचं नाव आहे, आणि पुढच्या अपोलोंचे नमुने मुंबईत तपासले गेले. चंद्राची माती कुलाब्याला, विचार करा! त्या मुंबईकर गटातले वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. लहानपणी ज्यांनी तिथे मान वर करून कार्यक्रम पाहिले, त्यांच्यातल्या कितीजणांना हे माहीत असेल?

लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे, पीआरएलचे, संचालक झाले आणि हे काम तिकडे गेलं.

इथवरची गोष्ट सांगून थांबले तर आया खूश होतील. पण पुढचं सांगितलं नाही तर ती फसवणूक होईल.

डिसेंबर १९७२ ला अपोलो संपलं. सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो नमुने आणले होते, पण ओघ थांबला. ऑगस्ट १९७८ ते मे १९८९, जवळजवळ अकरा वर्षं, अमेरिकेने एकही नवी ग्रहमोहीम सोडली नाही. १९८१ मध्ये तर ग्रहमोहिमांचं खातंच गुंडाळायच्या गोष्टी चालल्या होत्या. ज्यांनी सत्तरीत पीएच.डी. केली त्यांची ऐन उमेदीची वर्षं यात गेली. ज्यांना "स्कोप" दिसला म्हणून ते आले होते, त्यांचा स्कोप राजधानीतल्या एका बजेटने काढून घेतला. २०२५ मध्ये पुन्हा नासाच्या विज्ञानाचा निधी जवळजवळ निम्मा करायचा प्रस्ताव आला, म्हणजे हे जुनं दुखणं आहे.

मग तगले कोण? ज्यांच्या हातात आधीची विद्या होती ते. दगड तपासणाऱ्याला चंद्र नसेल तर उल्कापाषाण चालतो. जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फात एक छोटा दगड सापडला, आणि तो चंद्रावरून उडून आलेला निघाला. कशावरून ओळखला? अपोलोचे दगड तपासलेले डोळे होते म्हणून. मार्च १९८३ च्या ह्यूस्टनच्या परिषदेत त्यावर खास सत्र झालं. यान नव्हतं, पैसा आटला होता, पण परिषद चालू होती!

आपल्याकडेही तेच. जानेवारी १९७६ मध्ये गुजरातेत धजाळा इथे उल्कापात झाला, आणि अहमदाबादच्या गटाने ते दगड अभ्यासले. आपल्या बुलढाण्याचं लोणार घ्या. ते आघाती विवर आहे हे १९७३ मध्ये "सायन्स"मधल्या निबंधाने ठामपणे मांडलं. बेसॉल्टमध्ये इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर विरळाच, म्हणून चंद्र-मंगळाची विवरं समजायला जगभरचे लोक लोणारला येतात. आपण मात्र सहलीला जाऊन देवळं बघून परततो (देवळं सुंदर आहेत, वाद नाही).

तीस वर्षं असा दिवा तेवत ठेवला म्हणून पुढचं घडलं. भारताने चंद्रावर यान पाठवावं ही कल्पना १९९९ मध्ये कुठे चर्चेला आली? भारतीय विज्ञान अकादमीच्या सभेत. पुन्हा एक संमेलन! २००३ च्या १५ ऑगस्टला घोषणा झाली, २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ निघालं. त्याचे प्रमुख वैज्ञानिक जितेंद्रनाथ गोस्वामी, लाल यांचे विद्यार्थी. सूक्ष्मदर्शकाखाली ओरखडे मोजणाऱ्यांच्याच परंपरेतले.

आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चे निष्कर्ष "नेचर"मध्ये आले. प्रज्ञान रोव्हरवरचं पीआरएलने बनवलेलं उपकरण मातीतली मूलद्रव्यं मोजत होतं. निष्कर्ष काय? दक्षिणेकडची ती माती वुड आणि स्मिथच्या वितळलेल्या समुद्राच्या कल्पनेशी जुळते. ह्यूस्टनमधल्या बोलण्याला चोपन्न वर्षांनी शिवशक्तीवरून आलेला दुजोरा!

तर आयांना मी हे सांगते. जागा थोड्या आहेत, हे खरं. पीआरएल, इस्रोची केंद्रं, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, काही आयआयटी आणि विद्यापीठांचे भूशास्त्र विभाग, एवढ्यात यादी बरीचशी संपते. नेट, गेट किंवा जेस्टची परीक्षा चांगली द्यावी लागते. म्हणून "ग्रहविज्ञान" हा शब्द बघून कोर्स निवडू नका. भौतिकी, भूशास्त्र, रसायन, इलेक्ट्रॉनिक्स यातलं एक काहीतरी पक्कं येऊ दे. यानं बंद पडतात, बजेटं कापली जातात, पण खनिज ओळखणारा किंवा डिटेक्टर बनवणारा माणूस उपाशी राहत नाही.

आणि मुलांना सांगते, जिथे लोक जमतात तिथे जा. पीआरएलने २०२० मध्ये भारतीय ग्रहविज्ञान परिषद भरवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या त्या जुन्या परिषदेचे गोषवारे दोन-दोन पानांचे असतात आणि नेटवर फुकट वाचता येतात. रोज एक वाचा. नाही कळलं तर लिहिणाऱ्याला ईमेल पाठवून विचारा. व्हिटेकरने तेवढंच केलं होतं. उत्तर पाठवलं होतं.

एक शेवटची गोष्ट. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी चंद्राची माती एका नळीत हवाबंद केली आणि ती न उघडता ठेवून दिली गेली. कारण पुढे चांगली उपकरणं येतील आणि ती वापरणारी माणसंही. ती २०२२ च्या मार्चमध्ये उघडली. त्या कामावरच्या बऱ्याच जणांचा ती माती भरली तेव्हा जन्मही झाला नव्हता. ती नळी ठेवणाऱ्यांना कुणी विचारलं असतं, पन्नास वर्षांनी हे बघायला कुणी असेल का, तर त्यांच्याकडे आकडेवारी नव्हती. त्यांनी नळी नीट बंद केली आणि दर मार्चला परिषद भरवत राहिले.